चांद्रयानाचे खरे फोटो कुठून घ्यायचे, कसे उघडायचे आणि शाळेत लावले तर चालतात का

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या विज्ञानाच्या सरांचा आहे, थोडक्यात असा: चांद्रयानानं काढलेले खरे फोटो आपल्यासारख्यांना मिळतात का, की इस्रो टाकेल तेवढेच बघायचे? मिळत असतील तर कुठून, प्रदर्शनात छापून लावले तर कोण काय म्हणेल का, आणि नववीची पोरं विचारायलेत की एवढा खर्च करून फोटो काळेपांढरेच का.

सर, मिळतात. लगेच मिळत नाहीत आणि सोपे करून कोणी देत नाही, पण जेवढं उघडं पडलंय तेवढंच आपल्या हयातीत बघून व्हायचं नाही. माझं पोट उपग्रहाच्या फोटोंवरून उसाचं क्षेत्र काढण्यावर चालतं, चिकोडी-निपाणी पट्ट्यात कारखान्यांची कामं असतात, आणि चंद्राचा डेटा हा त्याच कॉम्प्युटरवर त्याच सॉफ्टवेअरमध्ये रात्री करायचा नाद, त्यामुळं खाली जे लिहितोय ते हाताखालून गेलेलं आहे, ऐकीव नाही.

आधी एक समजून घ्या. पेपरात, व्हॉट्सॲपवर, इस्रोच्या पानावर जो फोटो येतो तो बातमीसाठी केलेला फोटो असतो, म्हणजे मूळ फाइलमधला एक तुकडा कापायचा, उजेड-अंधार नीट करायचा, बाण काढायचे, जेपीजी करायची आणि सोडून द्यायची. मूळ फाइल वेगळी. तिच्यासोबत एक माहितीचं पत्रक असतं, लेबल म्हणतात त्याला, त्यात फोटो कुठल्या सेकंदाला काढला, यान किती उंचीवर होतं, ऊन कुठल्या कोनातून पडत होतं, चारी कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश काय, सगळं लिहिलेलं असतं. हे लेबल नसेल तर चंद्राचा फोटो म्हणजे नुसती भोकं भोकं असलेली राखाडी भिंत, कुठली पण असू शकते. म्हणून मी पोरांना सांगतो की फोटो मागू नका, लेबलासकट फाइल मागा.

आता कुठून. आपल्या चांद्रयानांचा डेटा बंगळूरजवळ ब्याळाळूला इस्रोचं अंतराळ विज्ञान डेटा केंद्र आहे तिथं साठवलेला असतो, मोठ्या अँटेना पण तिथंच आहेत, आणि लोकांना तो ‘प्रदान’ नावाच्या पोर्टलवरून मिळतो. ईमेल टाकून नाव नोंदवायचं, पैसे नाहीत. चांद्रयान-2 चं ऑर्बिटर 20 ऑगस्ट 2019 ला चंद्राच्या कक्षेत गेलं आणि त्याचा पहिला डेटा 24 डिसेंबर 2020 ला उघडा झाला, म्हणजे सव्वा वर्षाच्या वर गेलं. चांद्रयान-3 उतरलं 23 ऑगस्ट 2023 ला आणि लँडर-रोव्हरच्या उपकरणांचा डेटा बरोबर वर्षानं, पहिल्या राष्ट्रीय अंतराळ दिनाला सोडला. हा उशीर बघून लोक लगेच म्हणतात लपवायलेत. तसं काय नाही. एक तर उपकरणाचा स्वतःचा दोष काढावा लागतो, कुठला सेन्सर एका बाजूला जास्त उजळ दाखवतो, तापला की आकडे किती सरकतात, हे मोजून वजा केल्याशिवाय डेटा दिला तर तुम्ही-आम्ही सेन्सरच्या चट्ट्याला खनिज म्हणू. आणि दुसरं, ज्यांनी आठ-दहा वर्षं घालून उपकरण बनवलं त्यांना पहिला शोधनिबंध लिहायला थोडी मुदत द्यायची पद्धत जगभर आहे. माझं मत विचाराल तर मुदत असावी पण आखूड असावी आणि तारीख आधीच सांगून टाकावी. नासाचं एलआरओ नावाचं यान जून 2009 ला सुटलं, चंद्राभोवती फिरतंय, आणि त्याच्या कॅमेऱ्याचा डेटा 2010 पासून दर तीन महिन्यांनी ठरल्यासारखा बाहेर पडतो. आपल्याकडं तेवढी शिस्त आली तर बरं होईल.

हे उघडं ठेवल्याचा फायदा काय, तर विक्रमचंच बघा की. 2019 ला आपला पहिला विक्रम, चांद्रयान-2 चा लँडर, आदळला, सगळा देश रात्री जागा होता. एलआरओनं 17 सप्टेंबरला त्या भागाचे फोटो घेतले, 26 ला ते सगळ्यांसाठी टाकले, पण त्यांच्या टीमला त्यात विक्रम सापडला नव्हता. चेन्नईचे एक इंजिनिअर, षण्मुग सुब्रमण्यम, ना नासाचे ना इस्रोचे, त्यांनी तो फोटो आणि त्या आधीचे जुने फोटो शेजारी शेजारी ठेवून ठिपका ठिपका ताडून बघितला आणि एक पांढरा ठिपका काढला जो आधी नव्हता. नासाला कळवलं. त्यांनी नंतरच्या उजेडातले नवे फोटो घेऊन तपासलं आणि 2 डिसेंबर 2019 ला जाहीर केलं की होय, हा विक्रमचाच तुकडा, मुख्य आदळल्याच्या जागेपासून वायव्येला 750 मीटरवर. त्या माणसानं कुठलं गुपित फोडलं नाही, फाइल सगळ्या जगासमोर पडलेली होती, फक्त आधीचा फोटो पण मिळत होता आणि बसायची तयारी होती.

त्याहून मला आवडतं ते चांद्रयान-1 चं. 2008 च्या 22 ऑक्टोबरला गेलं, ऑगस्ट 2009 ला संपर्क तुटला, वर्षभर पण चाललं नाही. त्यावर नासाचं एम-थ्री नावाचं उपकरण होतं, प्रकाश 85 पट्ट्यांत फोडून मोजणारं, पाण्याची खूण त्यातनंच 2009 ला निघाली हे तुम्ही शिकवतच असाल. पण पुढचं कोणी सांगत नाही. तोच जुना डेटा घेऊन 2018 ला शुआई ली आणि त्यांच्या सोबत्यांनी ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या खड्ड्यांत बर्फ वरच, पृष्ठभागावर असल्याचा पुरावा काढला. यान बंद पडून नऊ वर्षं झाली होती! फाइल कुणाच्या कपाटात असती तर हे झालंच नसतं.

आणि कपाटातली फाइल जाते कुठं ते पण बघा. नासानं 1966-67 ला पाच लुनार ऑर्बिटर यानं पाठवली, अपोलो कुठं उतरवायचं ते बघायला. त्यांचा मूळ डेटा चुंबकीय टेपांवर. त्या काळी छापून घेतलेले फोटो बरे होते पण टेपेत त्याहून कितीतरी बारकावा होता, आणि पुढं त्या टेपा वाचायची मशीनंच जगातनं गेली. नॅन्सी एव्हान्स नावाच्या बाईंनी टेपा फेकू दिल्या नाहीत आणि फ्रिजएवढाली जुनी ॲम्पेक्स मशीनं स्वतःच्या गॅरेजमध्ये ठेवून घेतली. 2008 ला काही लोकांनी कॅलिफोर्नियात नासाच्या आवारातल्या बंद पडलेल्या एका बर्गरच्या दुकानात ती मशीनं दुरुस्त करून टेपा परत वाचल्या. पहिला फोटो काढला तो चंद्राच्या कडेवरून उगवणाऱ्या पृथ्वीचा, मूळचा 23 ऑगस्ट 1966 चा. तारीख बघितली ना, बरोबर 57 वर्षांनी आपला विक्रम उतरला. योगायोगच आहे, पण पोरांना सांगा, लक्षात राहतं.

बरं, आता पोरांचा प्रश्न, काळेपांढरे का. कारण बारीक बघायचं असेल तर उजेड लागतो. रंगासाठी फिल्टर घातला की उजेड वाटला जातो, एकेका ठिपक्याच्या, म्हणजे पिक्सेलच्या, वाट्याला कमी येतो, आणि यान तर सेकंदाला दीड किलोमीटरच्या वेगानं पळत असतं, थांबून बघायला वेळ नाही. म्हणून सगळ्यात बारीक बघणारे कॅमेरे रंग सोडून देतात आणि येईल तेवढा सगळा उजेड एकत्र मोजतात. रंग बघायला वेगळी उपकरणं, ती ढोबळ बघतात. किती ढोबळ ते आपल्या भाषेत सांगतो: चंद्रावर उसानं भरलेली दोन ट्रॉल्यांची ट्रॅक्टरगाडी उभी आहे असं धरा. एलआरओच्या रुंद कॅमेऱ्यात एक ठिपका 100 मीटरचा, त्यात गाडी दिसणारच नाही. त्याच यानाच्या अरुंद कॅमेऱ्यात ठिपका अर्ध्या मीटरचा, म्हणजे गाडी पंचवीस-तीस ठिपक्यांची जाड रेघ. आणि आपल्या चांद्रयान-2 च्या ओएचआरसी कॅमेऱ्यात ठिपका 25 सेंटीमीटरचा, त्यात ट्रॅक्टर कुठं संपला आणि ट्रॉली कुठं सुरू झाली ते कळेल. चंद्राभोवती फिरणाऱ्या कॅमेऱ्यांत एवढा बारीक दुसरा नाही, हे पोरांना छाती फुगवून सांगायला हरकत नाही. त्यानं अपोलो 11 ची उतरायची जागा पण टिपलीय, त्यामुळं ‘अमेरिका चंद्रावर गेलीच नाही’ म्हणणारा कोणी गावात असेल, असतोच, तर त्याला नासाचा नको, आपला फोटो दाखवा.

रंगीबेरंगी निळा-लाल-पिवळा चंद्र जो बघता तो खोटा नसतो पण डोळ्याला तसा दिसणारा पण नसतो, खनिजांचा फरक कळावा म्हणून आकड्यांना रंग दिलेले असतात. हे फोटोखाली लिहा, नाहीतर पोरं घरी जाऊन चंद्र निळा आहे म्हणून सांगतील.

फाइल उघडायची गंमत आता सांगतो, इथंच निम्मे लोक सोडून देतात. ओएचआरसीची एक पट्टी साधारण 3 किलोमीटर रुंद, 12 हजार ठिपके आडवे, आणि लांबीला भरपूर, त्यामुळं एकेक फाइल जीबीच्या घरात जाते. शाळेच्या नेटवर दुपारी लावू नका, पहाटे लावा, आणि अर्ध्यात तुटली तर जिथं तुटली तिथून पुढं उतरवणारं डाउनलोडर वापरा. झिप उघडली की आत डेटा, ब्राउझ, जिओमेट्री अशा नावाची फोल्डरं येतात. ब्राउझमध्ये छोटा पीएनजी असतो, तो आधी बघा, फाइल कामाची आहे का नाही ते तिथंच कळतं. डेटाच्या आत एकाच नावाच्या दोन फाइली, एक आयएमजी आणि एक एक्सएमएल. नावातच उपकरण आणि वेळ असते, वेळ आपली नाही बरं, साडेपाच तास मिळवायचे. लोक आयएमजीवर डबल क्लिक करतात, विंडोज म्हणतं ही डिस्क आहे, नाहीतर फाइल खराब आहे, आणि झालं, सोडून देतात. फाइल चांगली असते. आयएमजीत नुसते आकडे ओळीनं भरलेत, किती ओळी, एका ओळीत किती, ते एक्सएमएलमध्ये लिहिलंय. म्हणून क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, आणि त्यात आयएमजी नाही तर एक्सएमएल ओढून टाका. तो लेबल वाचतो आणि आकडे उचलून फोटो मांडतो. दोन्ही फाइली एकाच फोल्डरमध्ये पाहिजेत एवढंच. पहिल्यांदा सगळं काळंकुट्ट दिसेल, घाबरू नका, स्ट्रेच, म्हणजे काळं-पांढरं कुठल्या आकड्यापासून कुठवर दाखवायचं ते, बदला.

मग पोरं म्हणतील सर हे खड्डे नाहीत, टेकड्या आहेत. म्हणणारच. आपला मेंदू ऊन वरून पडलंय असं गृहीत धरतो, आणि फोटोत ऊन खालून येत असेल तर खड्डा फुगलेला दिसतो. लेबलात सूर्याची दिशा बघा आणि फोटो तसा फिरवा, ऊन वरच्या अंगानं आलं की सगळे फुगे झटक्यात आत जातात. हा प्रयोग प्रदर्शनात नक्की ठेवा, एकच फोटो सरळ आणि उलटा शेजारी शेजारी, खाली काही लिहू नका, येणाऱ्याला विचारा कुठल्यात खड्डे आहेत. आमदारापासून बालवाडीपर्यंत सगळे फसतात.

एवढा खटाटोप नको असेल, किंवा शाळेचे कॉम्प्युटर जुने असतील, तर एलआरओवाल्यांचं क्विकमॅप आणि नासाचं मून ट्रेक ही दोन ब्राउझरमध्येच चालतात, काही उतरवावं लागत नाही, नाव पण नोंदवावं लागत नाही. मोबाइलवर जसा गावचा नकाशा बोटानं मोठा करतो तसाच चंद्र. त्यात दक्षिण अक्षांश 69.37 आणि पूर्व रेखांश 32.32 टाका, विक्रम उतरला त्या भागात पोचाल. लँडर स्वतः दोन मीटरचा, त्यामुळं एलआरओनं उतरल्यावर चार दिवसांनी, 27 ऑगस्टला, घेतलेल्या फोटोत तो चार-पाच ठिपक्यांचा दिसतो, पण भोवती इंजिनाच्या झोतानं धूळ उडून उजळ वलय झालंय ते ओळखू येतं. क्विकमॅपमध्ये दोन ठिकाणं जोडून रेघ ओढली की मधला चढ-उतार आलेखात येतो, भूगोलाच्या बाईंना पण कामाला लावा. प्रदानवर पण नकाशावर बघून पट्टी निवडायची सोय आहे, आधी तिथं जागा ठरवा मग उतरवा, उलटं करू नका.

फोटोशिवाय पण डेटा आहे हे विसरू नका. चांद्रयान-3 च्या चेस्ट उपकरणानं जमिनीत दांडा खुपसून तापमान मोजलं, 27 ऑगस्ट 2023 ला इस्रोनं आलेख टाकला होता, वर 50 अंशाच्या आसपास आणि फक्त 8 सेंटीमीटर खाली उणे 10. एवढा फरक का, तर तिथली धूळ उष्णता पुढं जाऊच देत नाही. मला तर हा आलेख कुठल्याही फोटोपेक्षा भारी वाटतो, आणि नववीच्या पोराला ग्राफ पेपरवर काढता येतो.

बाकीच्या देशांचं दोन ओळीत. जपानच्या कागुया यानाचा डेटा नोव्हेंबर 2009 पासून खुला आहे, चांगला आहे, फक्त त्याचे एचडी व्हिडिओ त्यांच्या टीव्ही कंपनीसोबत काढलेले म्हणून दोघांची नावं द्यावी लागतात. चीन पण छांग-अ यानांचा डेटा देतो. कोरियाच्या दानुरी यानावर सावलीत बघणारा नासाचा कॅमेरा आहे, त्याचे फोटो पण नासाच्या संग्रहात येतात. अपोलोचे हॅसलब्लाड कॅमेऱ्याचे फोटो हवे असतील तर 8,400 च्या वर स्कॅन 2015 ला फ्लिकरवर टाकलेत, छापायला त्यासारखे दुसरे नाहीत.

छापलं तर कोण काय म्हणेल का, याचं उत्तर देशागणिक वेगळं. अमेरिकेच्या कायद्यात सरकारी कामावर कॉपीराइटच नसतो, म्हणून नासाचे फोटो बिनधास्त छापा, फक्त त्यांचं बोधचिन्ह लावून आपली जाहिरात करायची नाही. आपल्याकडं 1957 च्या कायद्यानं सरकारी कामावर प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे इस्रोचा फोटो दिसायला मिळाला म्हणून आपला झाला असं नाही. पण त्याच कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षकानं-विद्यार्थ्यानं शिकवण्या-शिकण्यात वापरायला सूट आहे, त्यामुळं वर्गात काळजी नको. प्रदर्शनात इस्रोचं नाव ठळक टाका. कॅलेंडर छापून विकायचं असेल, टी-शर्ट करायचे असतील, तर मात्र आधी लेखी विचारा, आणि प्रदानवर नाव नोंदवताना ज्या अटी येतात त्या वाचा, सगळे नुसतं खूण करून पुढं जातात.

आणि गूगलवरनं उचलू नका, कृपा करा. 2023 च्या गणपतीत आमच्या भागातल्या एका मंडळानं चांद्रयानाचा देखावा केला, मेहनत खरी, पण मागचा वीस फुटी बॅनर तांबूस मंगळाचा! त्याच दिवसांत रोव्हरच्या चाकानं चंद्राच्या मातीत उमटवलेली अशोकस्तंभाची ठसठशीत मुद्रा म्हणून एक फोटो घरोघरी फिरला, तो एका कलाकारानं काढलेला होता. चाकावर मुद्रा होती हे खरं, फोटो खरा नव्हता. ओळखायचं कसं, तर परत लेबल. ज्या फोटोला यान, उपकरण, तारीख आणि जागा सांगता येत नाही तो प्रदर्शनात लावायचा नाही, एवढा एक नियम करा.

छपाईचं सांगून थांबतो. ए-थ्री कागदावर नीट यायला साधारण 1,750 गुणिले 2,480 ठिपके पुरतात, ओएचआरसीच्या पट्टीतनं तेवढा तुकडा कापला तर जमिनीवरचा साडेचारशे मीटर बाय सहाशे मीटरचा भाग येतो, तो कागदाच्या कोपऱ्यात लिहा, सोबत 100 मीटर दाखवणारी मोजपट्टी काढा. फ्लेक्सवाल्याला जेपीजी देऊ नका, टिफ द्या, आणि त्याला बजावून सांगा की बाबा तू यात उजेड वाढवू नको, शार्प करू नको, काळं ते काळंच राहू दे, कारण ते लोक प्रेमानं सावल्या उजळून देतात आणि सगळा चंद्र सपाट होतो. खाली नावं मराठीत आणि कन्नडात दोन्हीत टाका, तालुक्याच्या प्रदर्शनात दोन्ही माध्यमांची पोरं येतात. फाइल अडली तर एक्सएमएलची पहिली दोन पानं मला पाठवा, आयएमजी पाठवू नका, माझ्या पण नेटचा जीव जातो.